पेन्सिलीतले तीन महिने

व्रॉत्सवाफ, २४ नोव्हेंबर १९५७

ती. ओतिलियाताईस,
धाकट्या लुदोमीरचा शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. जेवतो, झोपतो, विद्यापीठात शिकवायला जातो. फेलाला जाऊन सात महिने झाले आणि मला अजून एकदाही रडू आलेलं नाही. बायको गेलेल्या माणसाकडे बघून खालच्या मजल्यावरच्या बाई डोळे पुसतात, आणि मी त्यांना जिन्यातला दिवा गेल्याचं सांगतो.

काम मात्र अडलंय. आमचा खटाटोप तुला ठाऊक आहे. काचेच्या बारीक स्प्रिंगला कोळशाचा कण टांगायचा, बंद नळीत पाण्याची वाफ सोडायची, आणि स्प्रिंग किती ताणली यावरून कोळशाने किती वाफ ओढून घेतली ते मोजायचं. ल्वूफमध्ये ऐन उमेदीत मी हे सुरू केलं. युद्धात सगळं गेलं, आणि पंचेचाळीस साली फेलाच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली एकच स्प्रिंग आमच्याबरोबर इथे आली. तेव्हापासून मी वाफ सोडायची आणि तिने दुर्बिणीतून बघून आकडा वहीत उतरवायचा. त्या अकरा वर्षांची कोष्टकं आता छापायची आहेत. मुखपृष्ठावर दोघांची नावं आहेत. तिचं नाव असलेलं हे एकच पुस्तक असणार.

गेल्या महिन्यात माझा जुना विद्यार्थी झ्ब्रोया याने ग्दान्स्कहून कळवलं की शेवटच्या हिवाळ्यातले बहुतेक आकडे त्याने त्याच कोळशावर केलेल्या मोजणीशी जुळत नाहीत. मी वही काढून बसलो. खरे आकडे थोडे इकडे-तिकडे पडतात, ताई. खिडकी वाजते, खालून ट्राम जाते. फेलाचे डिसेंबर ते फेब्रुवारीचे जवळजवळ सगळे आकडे आलेखाच्या रेषेवर चोख बसलेत, आणि रेषाही जुन्या कोळशाची. आम्ही तर त्या हिवाळ्यात नवा कोळसा घेतला होता. तिने दुर्बिणीतून पाहिलंच नाही, मनाने लिहिलं.

वीस डिसेंबरपर्यंत छापखान्याला होय की नाही ते कळवायचं आहे. छापलं तर मी खोटं छापलं. खरं सांगितलं तर माझ्या बायकोने खोटं लिहिलं, असं चारचौघांत सांगायचं. राग यायला हवा होता, तोही येत नाही. नाताळला मी येणार नाही.

मला विसरू नये एवढंच मागणं.
तुझा लुदोमीर


सानोक, १ डिसेंबर १९५७

चि. लुदेकला अनेक आशीर्वाद.

सात महिन्यांनी चार ओळींहून मोठं पत्र आलं, त्यातही अर्धा कोळसा! एकसष्ट वर्षांच्या घोड्याला कान धरून आणता येत नाही म्हणून, नाहीतर मी आजच स्टेशन गाठलं असतं. सणाच्या संध्याकाळी मी आणि मांजर, आणि टेबलावर पाहुण्याची म्हणून मांडलेली रिकामी ताटली. त्या ताटलीशी मी किती वर्षं गप्पा मारायच्या?

सोबत नाताळचा ओप्वातेक पाठवतेय, आपला वाटून खायचा पिठाचा पापुद्रा. कोपरा मोडून मी खाल्लाय, उरलेला तुझा. दरवर्षीसारखा आधी तराजूत घालू नकोस. फेला म्हणायची, की देवाच्या प्रसादाचंही वजन करणारा नवरा पदरी पडलाय, आणि पावसाळी हवेत हा पापुद्रा किती मिलिग्रॅम फुगतो तेही जेवताना ऐकवतो. सांगताना हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आकड्यांतलं मला काही कळत नाही. फेला लबाडी करणारी नव्हती, एवढं मात्र खात्रीने सांगते. तिने असं का केलं असेल, याचा नीट विचार कर. त्या दिवसांत तू तिला काही विचारलं होतंस का?

लोकरीचे मोजे विणतेय. थोडं खात जा, आणि या म्हातारीवर माया असू दे.
ओतिलिया


व्रॉत्सवाफ, ९ डिसेंबर १९५७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ओप्वातेक मिळाला. दोन ग्रॅम चाळीस मिलिग्रॅम भरला. खाल्ला नाही, कपाटात आहे.

मी तिला काय विचारणार होतो? मला ऑक्टोबरपर्यंत संशयसुद्धा आला नव्हता. तिला साखरेचा आजार होता, औषध चालू होतं, ती रोज माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येत होती. वही पुन्हा पाहिली. ते तीन महिने जवळजवळ सगळे पेन्सिलीत आहेत. त्या वर्षी शेगडीला कोळसा मिळत नव्हता, दौतीतली शाई गोठत असणार. मधूनच एखादी ओळ शाईची आहे. त्या दिवशी ऊन पडलं असेल.

मी ठरवलंय. वीस तारखेला छापखान्याला नको म्हणून कळवतो. कारण कोणालाच सांगणार नाही. पुस्तक निघणार नाही आणि तिचं नावही खराब होणार नाही.

तुझी तब्येत सांभाळ. भावाचा नमस्कार गोड मानून घे.
लुदोमीर


सानोक, १३ डिसेंबर १९५७

चि. लुदेकला आशीर्वाद.

छापखान्याला अजून काही कळवू नकोस. तुझ्या पत्रात पेन्सिल हा शब्द वाचला आणि माझ्या हातातल्या सुया गळून पडल्या. आता जे लिहितेय ते मी तुला एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. वाचून मला शिव्या घाल, मी ऐकून घेईन.

फेलाला दिसत नव्हतं. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून साखरेने तिचे डोळे गेले होते. लख्ख ऊन असलं तर जरासं दिसायचं. गेल्या नाताळच्या ओप्वातेकबरोबर तिने मला चिठ्ठी लिहिली आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मी ती पाळली, ती गेल्यावरही पाळली. ती चिठ्ठी सोबत आहे. अक्षरं एवढी मोठी, की सहा ओळींत पान संपलंय.

तिने लिहिलंय, की डोळ्यांचं कळलं तर लुदेक काम टाकून माझ्या उशाशी बसेल, आणि या पुस्तकाची त्याने फार वर्षं वाट पाहिली आहे. दिसतं ते मी शाईने लिहिते. दिसत नाही ते पेन्सिलीने. पेन्सिल का, असं तो विचारेल तेव्हा सगळं सांगेन. अजून त्याने विचारलेलं नाही.

शाई-पेन्सिलीचं ते काय, मला तेव्हा कळलं नव्हतं. तुमच्या कामातलं काही असेल म्हणून सोडून दिलं. तिचा ओप्वातेक टपालात अडकून सण झाल्यावर आला, म्हणून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात राहून गेला. कोपरा तिने मोडलेला आहे. तोही पाठवतेय. त्याच्यावर माझ्यापेक्षा तुझा हक्क आहे.

राग जरूर धर, पण बहीण म्हणत राहा.
ओतिलिया


व्रॉत्सवाफ, २७ डिसेंबर १९५७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्यावर राग नाही. शपथ तू पाळलीस. तिच्याशेजारी अडीच हातांवर मी बसत होतो.

गेल्या वर्षीच्या सणाला तिने बिटाचं सार ताटलीबाहेर ओतलं, तेव्हा मी दिव्याला नावं ठेवली. रोज संध्याकाळी मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायची, मी म्हणालो की म्हातारपणी लाडात आली आहेस. आणि पेन्सिल बघून मी शाईच्या गोठण्याचा विचार केला. अंश सेल्सिअसमध्ये केला, ताई.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वही उघडली. शाईच्या ओळी अकरा. सतरा जानेवारीची ओळ रेषेपासून बरीच खाली आहे. झ्ब्रोयाचा आकडा शेजारी ठेवला, तर फरक केसाएवढाच निघाला. अकराच्या अकरा जुळल्या. जे दिसलं ते तिने अचूक लिहिलं होतं. तिथे मला रडू आलं. खालच्या बाई वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

छापखान्याला होय म्हणून कळवलंय. हिवाळ्याच्या कोष्टकात अकरा आकडे जातील, बाकीच्या जागा मोकळ्या. तिथल्या खिळे जुळवणाऱ्याने विचारलं की निदान रेघ तरी घालू का. नको म्हणालो, घरी सणाला ताटली मोकळी ठेवतात तशी ठेवा. तो हो म्हणाला. मुखपृष्ठावर तिचं नाव आधी घेतलंय. प्रस्तावनेत पेन्सिलीचं सगळं लिहिणार आहे, मी विचारलं नाही हेसुद्धा.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला येतो. तोपर्यंत मोजे पूर्ण कर, आणि दार उघडंच ठेव.
तुझा लुदेक

ता. क. सणाच्या संध्याकाळी फेलाचा ओप्वातेक खाल्ला. वजन किती होतं, मला माहीत नाही.