खलील मास्तरांचं इटालियन

१४ जानेवारी १९३४, दिघी.
ठरलं. जूनमध्ये इटालीला जायचं. फ्लॉरेन्स शहरात परदेशी लोकांसाठी उन्हाळी कोर्स असतो. भाषा, चित्रं, संगमरवरी पुतळे. माणसांत बसल्यासारखं वाटेल. इथे शिसारी आली आहे. शाळेत पोरं नाक पुसतात ते माझ्या टेबलावरच्या कापडाला. हेडमास्तर बोलता बोलता तंबाखू थुंकतात, खिडकी कुठे आहे ते न बघता.

खर्च यूनुसमामू करणार. मुंबईत त्यांची काथ्याची पेढी आहे. दोर, चटया, पायपुसणी. त्यांना माझ्या रसिकतेची कदर आहे. म्हणाले, "बोलायला शिकून ये. तिकडचा एक व्यापारी आपला माल घेईन म्हणतो. त्याच्याशी बोलायला घरचा माणूस पाहिजे." रसिकतेविषयी व्यापारी माणूस अशाच शब्दांत बोलणार.

बायकोला सांगितलं. कुबरा म्हणाली, "दोन महिन्यांत भाषा येते? माझ्या सगळ्या बहिणींची नावं तुम्हांला अजून येत नाहीत."

२ फेब्रुवारी.
मुंबईहून इटालियन शिकायचं पुस्तक आलं. संकल्प: रोज पहाटे उठून पाठांतर. नागा नाही.

३ फेब्रुवारी.
पहाटे उठलो. शेजारचा कोंबडा असा काही आरडत होता की उच्चार बिघडण्याची भीती वाटली. पुन्हा झोपलो.

१८ फेब्रुवारी.
नवी योजना. कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात जुनी पोर्तुगीज बोलतात. पोर्तुगीज आणि इटालियन म्हणजे आपलं दिघीचं आणि मुरुडचं बोलणं, इतकाच फरक. तिथे आठवडाभर राहायचं. तयार होऊनच परतायचं.

१९ फेब्रुवारी.
कोर्लईला जायला तरीच्या होडीतून खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. तरीत बकऱ्या होत्या. एकीने शेरवानीची बाही चघळली, दुसरीने जे करायचं ते माझ्या बुटावर केलं. त्या घाणेरड्या अवस्थेत भाषा शिकणं म्हणजे भाषेचा अपमान. परतीच्या तरीने घरी. कुबराने विचारलं, "आली का इटालियन?" या घरात विनोदाचा दर्जा फार खालचा आहे.

१ एप्रिल.
राजीनामा दिला. हेडमास्तर म्हणत होते, रजा घ्या, राजीनामा कशाला? प्रोफेसर होऊन परतणारा माणूस रजा मागत नाही. ते थुंकले. माझी जागा श्रीवर्धनच्या कुणा जलील मास्तरांना मिळाली. बिचारे.

२० मे.
पावसाआधीची शेवटची बोट पकडून मुंबईला. धक्क्यावर कुबरा आली होती. पानात बांधून काही तरी दिलं. वास आला, तेव्हा कळलं, सुकट. वाटेत खायला! इटालीला निघालेल्या माणसाला! तिच्यासमोरच एका खलाशाला देऊन टाकली. ती वळून चालू लागली. बरं झालं. रडारड मला आवडत नाही.

१० जून, जहाजावर.
निघालो. संकल्प: प्रवासात अर्धं पुस्तक संपवायचं.

११ जून.
ओकलो.

१२ जून.
ओकलो. केबिनमधला शेजारी, एक पारशी, मजेत अंडी खात होता. ते बघून पुन्हा.

१५ जून.
पुस्तक उघडलं. त्यावरच झालं. पारशाने ते समुद्रात टाकलं. मी विरोध केला नाही. पुस्तकातून का कुठे भाषा येते!

२६ जून, फ्लॉरेन्स.
पोहोचलो. स्टेशनाबाहेर काळे शर्ट घातलेल्या पोरांनी हात वर करून सलाम केला. शेरवानीचा परिणाम. मीही केला. माझ्या मागून कुणी लष्करी अंमलदार चालला होता, पण त्याच्याकडे त्यांचं लक्ष नसावं.

२७ जून.
जिच्याकडे उतरलो आहे ती विधवा बाई पावावर काही तपकिरी लिबलिबीत फासून आणते. कोंबडीचं काळीज, ते वाटून. शी! दुसरा पदार्थ म्हणजे उकडलेली गांडुळं. टेबलावर दारू, पाण्यासारखी. मी कोरडा पाव खातो. तिला वाटतं, मी आजारी आहे. ती रोज कपाळाला हात लावून बघते. माझ्यावर अनुरक्त झालेली दिसते.

२ जुलै.
कोर्स सुरू. मला सर्वांत खालच्या वर्गात बसवलं. दोन जर्मन म्हाताऱ्या आणि सतत शिंकणारा एक पाद्री. प्रोफेसरने प्रत्येकाला नाव आणि गाव सांगायला लावलं. मी इंग्रजीत सांगितलं. तो थांबून राहिला. मी आणखी मोठ्याने इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्या हसल्या. किळसवाणे दात.

९ जुलै.
वर्गात जात नाही. खरी भाषा रस्त्यावर असते. कॉफीच्या दुकानात बसतो. माशा फार.

२२ जुलै.
पुतळे पाहिले. सगळे नागडे. इतक्या पैशाच्या संगमरवरात एक चड्डी बसली नसती का? परत गेलो नाही.
मामूंना पत्र: वर्गात पहिला आहे, प्रोफेसर माझे उच्चार इतरांना ऐकवतो.

८ ऑगस्ट.
मामूंचं उत्तर. फार खूश आहेत. काथ्याच्या पायपुसण्याचा नमुना आणि आपल्या वतीने सही करण्याचं मुखत्यारपत्र पाठवलं आहे. तो व्यापारी याच शहरात असतो. जाऊन सौदा पक्का कर म्हणतात. संकल्प: सोमवारपासून पुन्हा वर्गात.

१३ ऑगस्ट, सोमवार.
डोकं दुखलं.

१७ ऑगस्ट.
सौदा झाला! व्यापारी गोरा, गोल, घामट. पायपुसणं पाहिलं, दाराशी ठेवलं, त्यावर बूट पुसले. पसंत पडलं, हे उघड होतं. मग भराभर बोलू लागला. मी म्हटलं, "सी, सी." सी म्हणजे होय. त्याने आत नेऊन गवताच्या टोप्या दाखवल्या, ढीगच्या ढीग. आपला धंदा पाहुण्याला दाखवायची इकडे पद्धत असावी. मी प्रत्येक टोपीला "बेल्लो" म्हटलं. बेल्लो म्हणजे सुंदर. तो इतका हळवा झाला की त्याने माझे दोन्ही गाल चुंबले. ओली मिशी! कागद पुढे केला. ऐटीत सही केली. एकही शब्द अडला नाही.

३० ऑगस्ट.
कोर्स संपला. सर्टिफिकेट मिळालं नाही. हजेरी कमी म्हणे. निघताना घरवाल्या बाईला म्हणालो की माझं लग्न झालेलं आहे, तिने वाट पाहू नये. इंग्रजीतच सांगितलं. तिने हिरमुसून माझ्या उशीचा अभ्रा दाखवला. खोबरेल तेलाचा डाग. नवा भरून द्या, असं काही तरी. प्रेमभंगाने बायका अशा क्षुद्र होतात.

२४ सप्टेंबर, मुंबई.
मामूंच्या वखारीत पेट्या माझ्याआधी आलेल्या. मामूंनी पहिली उघडली होती. टोप्या. दुसरी, टोप्या. छतापर्यंत. काथ्या तसूभरही विकला गेला नव्हता. उलट टोप्या आम्हीच विकत घेतल्या होत्या, माझ्या सहीने.
मी म्हटलं, व्यापाऱ्याने दगा दिला, आणि त्याचं व्याकरणही कच्चं होतं.
मामू ओरडले नाहीत. एक टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, थोडी तिरकी होती ती सरळ केली आणि म्हणाले, "विक."

११ नोव्हेंबर, दिघी.
धक्क्यावर टोप्या मांडून बसतो. जलील मास्तर माझ्या वर्गात उत्तम शिकवतात, असं कुबरा म्हणते. विचारलेलं नव्हतं. तरीची माणसं टोप्या बघतात, दात काढतात, जातात. अडाणीपणाची कमाल.

१८ नोव्हेंबर.
आज पहिलं गिऱ्हाईक. मासळीवाली सोनूबाई. टोपी घेतली, उलटी केली, कड वाकवून पाहिली. म्हणाली, "हलकी हाय. पाणीबी गलून जातंय." आणि टोपीत कोलंबी ओतली. खाऱ्या पाण्याची धार थेट माझ्या बुटावर.
मी समजावून सांगितलं, बाई, हा फ्लॉरेन्सचा माल आहे, ही डोक्यावर ठेवायची असते.
"मंग कुठं ठेवतंय?" म्हणाली, आणि कोलंबीसकट ती डोक्यावर ठेवून निघाली.
पाच पावलांवर थांबली. "मास्तर, आनखी हायत का? आमच्या सगल्यांना पायजेत."
मी म्हटलं, सी, सी.