बर्फावरची लिफ्ट

१९ डिसेंबर, शुक्रवार

कार्तिकचा फोनवरचा आवाज आज बरा नव्हता. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "वरच्या लिफ्टचा ब्रेक उशिरा लागतोय."

तारेला लटकलेल्या खुर्च्या. त्यांत बसून माणसं माथ्यावर जातात आणि बर्फावरून घसरत खाली येतात. त्या खुर्च्या सुखरूप चालवायच्या, हे माझ्या नवऱ्याचं काम. मॅनेजर म्हणतो, नवं वर्ष उलटू दे, मग बघू. मोठं शहर बसने जेमतेम अर्ध्या तासावर. सुट्टीत अख्खं शहर वर लोटतं. अशा दिवसांत लिफ्ट बंद कोण ठेवणार?

मी म्हटलं, "तू सांगितलंस ना? झालं तर मग. वाद घालू नकोस."

तो एवढंच म्हणाला – "तू जेवलीस?"

पाचवा महिना लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत. डॉक्टरबाई म्हणतात, कुंभकोणम सोडून कुठे जायचं नाही, पडून राहायचं. मला आता नवी काळजी नको. एवढंच तर मागतेय.

२१ डिसेंबर

सासूबाई तिरुक्करुगावूरहून गर्भ राखणाऱ्या देवीचं तेल घेऊन आल्या. त्यांना मी वसंता आत्या म्हणते. माझ्या पोटावर तेल लावताना म्हणाल्या, "बरवं होईल, शिवरंजनी. उगा विचार करू नको." थोड्या वेळाने – "घसरून पडायला माणसं डोंगरावर जातात? आपल्याकडे न्हाणीघरात कोणी पडलं तरी गल्लीभर बोभाटा होतो."

हसले. बऱ्याच दिवसांनी.

२३ डिसेंबर

भांडण झालं. तो म्हणतो, लिफ्ट मी चालू करणार नाही.

"नोकरी गेली तर? मी इथे आडवी पडलेय, आणि तू –"

"शिवा, वर लहान मुलं बसतात."

"त्यांचं त्यांचे आईबाप बघतील. तू आपल्याचं बघ."

असं म्हणाले मी. वर सूर्याचं उदाहरण दिलं. सूर्या इथल्या जवळच्या पापनाशमचा, ह्याच्याच कॉलेजातला. दोघं बरोबरच तिकडे गेले, एकाच लिफ्टवर कामाला आहेत. "सूर्या बघ, कधी वाद घालतो का?"

त्याने फोन ठेवला.

२४ डिसेंबर

फोन नाही. मीही केला नाही.

२५ डिसेंबर

राहवेना. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "तू त्याला काय म्हणालीस?"

सांगितलं. जसंच्या तसं.

रागावले नाहीत. म्हणाले, "भीतीने तोंडून निघतं, अम्मा. पण ते तिथेच ठेवू नको. फोन कर."

केला. म्हटलं, "बंदच ठेव. मी चुकले."

"सकाळीच बंद केली," कार्तिक म्हणाला. "मला काढून टाकलं."

 मग तो म्हणाला, आज झोप लागेल बहुतेक.

२८ डिसेंबर, रविवार

आला! त्रिचीच्या विमानतळावरून टॅक्सीने. गालांची सालं निघालीत थंडीने. आत्यांनी आधी कॉफी हातात दिली, मग रडल्या.

माझ्या पोटावर हात ठेवून बसला होता. तेवढ्यात आत हललं. त्याने झटकन हात काढला, परत ठेवला.

संध्याकाळी त्याने सूर्याला फोन लावला; ह्याच्या जागी लिफ्ट आता तोच चालवतो. स्पीकरवर होता.

"तू हात लावू नको त्या लिफ्टला."

"तुझं बरं आहे रे, घरी चार माणसं आहेत. माझी आई एकटी. मीही नाही म्हटलं तर मलाही काढतील. हळू चालवतो ना मी."

"हळू चालवून काय होतंय? ब्रेकच धरत नाही."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तू वहिनीकडे बघ."

कार्तिक फोनकडे बघत राहिला. माझ्या मनात एकच – आपला माणूस सुटला.

३१ डिसेंबर

सूर्याने फोटो पाठवला. खुर्च्या भरलेल्या, खाली ही लांब रांग. कार्तिक जेवला नाही.

२ जानेवारी

काल दुपारी ब्रेक लागलाच नाही. भरलेल्या खुर्च्या तारेवरून उलट्या धावत खाली आल्या. सूर्या खालच्या टोकाला उभा राहून मुलांना ओढून काढत होता. पाच-सहा जणं त्याच्यामुळे वाचली. मागून आलेली खुर्ची त्याने पाहिली नाही. जागीच गेला.

पापनाशमला त्याच्या आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. कार्तिक एकटाच जाणार होता. मी गाडीत जाऊन बसले. आत्यांनी अडवलं नाही.