वाटीवरचा फोटो

धार, संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थरूप आई, तुला वाकून नमस्कार.

बाबा गेले तरी पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिहिलं नाही. रागावू नकोस.

इथे खोली छान आहे, शाळा जवळ आहे. घरमालकीण रोज विचारते, जेवलीस का म्हणून.

पण काल शिसारी आली. आमचा वॉर्ड यंदा बायकांसाठी राखीव आहे. इथल्या मराठी घरांनी अल्पनाताईंसाठी टिकट मागितलं होतं. नळ असो की नाली, नगरपालिकेत त्याच धावतात. टिकट मिळालं एका ठेकेदाराच्या बायकोला. मग आपली समजूत काढायला पार्टीने मराठी मंडळात हळदीकुंकू ठेवलं. वाणाला स्टीलच्या वाट्या, प्रत्येक वाटीवर त्या बाईंचा फोटो! पार्टीचा एक भिया माइकवर म्हणाला, "मराठी समाज को हमने पूरा मान दिया है." आणि आपल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या गं!

अल्पनाताई दिसेनात म्हणून मी आत गेले. विधवा म्हणून त्यांना स्वयंपाकघरात बसवलं होतं, आणि त्या त्याच वाट्यांत तिळगूळ भरत होत्या. बसवणारे पार्टीवाले नव्हते, आपल्याच बायका होत्या. मी कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर म्हणाल्या, "लवकर लाव पोरी, बाहेर वाट्या कमी पडताहेत."

मी वाटी न घेताच निघाले.

देवासला आपल्या मंडळाचं हळदीकुंकू झालं का? तू बाहेर बसली होतीस, की आत? खरं लिही.

तुझी,
शिखा