पाचवं नाव

३ नोव्हेंबर
आज सतरा माणसं मारली. दोन पोलीस धरून.
वैष्णवीनं कंपनीतल्या मैत्रिणीकडून जुना गेम आणलाय, टीव्हीला जोडायचा. पोरगी फर्स्ट शिफ्टला गेली की घरात मी आणि तो. त्यात एक गुंड आहे, त्याला आपण चालवायचं. आख्खं शहर मोकळं! कुणाचीही गाडी हिसकायची, कुणालाही मारायचं. खाली हिंदीत अक्षरं येतात. मी वाचायला शिकले लग्नानंतर, किराण्याच्या पुडीच्या कागदांवरून. त्यामुळे अक्षर दिसलं की सोडवत नाही.
पोरीला सांगितलं तर हसली. "आई, मारायलाच पायजे असं न्हाई गं. नुसती फिर गाडी घिऊन. समुद्र बघ."
समुद्र बघितला. मग समुद्रावरचे दोघं मारले.

५ नोव्हेंबर
गेममध्ये फावडं सापडलं. बंदूक ठेवून दिली. फावड्यानं सहा. आवाज अगदी तसाच येतो.
वैष्णवीच्या बापाला, मल्हारला, फावड्यानंच मारलं. भीमेच्या काठावर, भरदिवसा. वाळूच्या गाड्यांचे फोटो काढले एवढाच त्याचा गुन्हा. मी भाकरी घेऊन चालले होते, बांधावरून सगळं दिसलं. पहिला घाव कानावर. दुसऱ्याला तो खाली बसला. नंतरचे मोजले नाहीत.
वाळूवाला हौसराव, त्याचे दोघे भाऊ, मेव्हणा, आणि पुतण्या सम्राट. पाच जण अडीच वर्षं आत आहेत. पाचही नावं मीच दिली.

७ नोव्हेंबर
समन्स आलं. एकवीस तारखेला माझी साक्ष. इंद्रजीत भाऊजींनी सरकारी वकिलांना फोन लावून दिला. ते म्हणाले, जबाबात आहे तसंच बोलायचं, घाबरायचं नाही. "आणि त्या सम्राटचं तर टेन्शनच नाही. त्याच्या शर्टावर तुमच्या मालकांचं रक्त निघालंय."
मी हो म्हणाले.

१० नोव्हेंबर
आज गाडीखाली एक माणूस आला. मी मुद्दाम आणला. रस्त्यावरचे सगळे किंचाळत पळाले - एक सोडून. पिवळ्या शर्टातला एक जण मेलेल्यापाशी गुडघे टेकून बसला, फोन कानाला. मदत बोलावत होता.
त्याने मला पाहिलं होतं. म्हणून त्यालाही मारलं. डोक्यात.
टीव्हीचं बटण बंद केलं. वायरही काढली.

११ नोव्हेंबर
भाकऱ्या करपल्या. तिन्ही.

१३ नोव्हेंबर
गिरणीत धुरपदाबाई भेटल्या. सम्राटची आई. अडीच वर्षांत पहिल्यांदा तोंडासमोर. मी मागं सरकले तर मोठ्यानं म्हणाल्या, "घे बाई, तुझं दळण आधी घे. तुझ्या घरात दोन तोंडं हायेत. माझी सून माहेरी गेली ती गेलीच. मी एकटीच खानार."
गिरणीवाल्यानं माझा डबा पुढं ओढला.
"पोरीचा गेम खेळतीस म्हनं दिवसभर? माणसं मारायचा?" पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. "मार, मार. तुला सवय हाय."
दळण तिथंच ठेवून आले.

१५ नोव्हेंबर
पुन्हा वायर जोडली.
गोदामात दोन माणसं बांधलेली. गुंडाचा मालक म्हणतो, यातला एक फितूर आहे, एकाला उडव. एक शिव्या देत होता. दुसरा रडत होता - मैं तो वहाँ था ही नहीं. रडणाऱ्याला मारलं. रडणं ऐकवत नव्हतं म्हणून! कोण खरा ते गेमनं सांगितलंच नाही. मिशन पूर्ण. पुढचा रस्ता दाखवला.
संध्याकाळी वैष्णवी म्हणाली, "तिसरा ऑप्शन बी हाय. दोघांना सोडायचं आन् दारातनं निघून जायचं. पण मग मालकच तुझ्या मागं लागतो. लई अवघड जातं, आई. कुणी घेत न्हाई तो."

१६ नोव्हेंबर
इथं तरी लिहिते. पाच नव्हते. चार होते.
दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊजी कानाशी बोलले होते, "वहिनी, त्यांच्या घरातला एकबी बाप्या बाहेर ठेवायचा न्हाई. सम्राटचं बी नाव घाला." मी घातलं. आमच्याकडे सगळेच घालतात. मारामारी झाली की समोरची आख्खी भावकी लिहून द्यायची, त्या दिवशी गावात नसलेला सुद्धा. मला वाटलं, महिन्याभरात सुटेल.
महिन्याभरात!

१८ नोव्हेंबर
भाऊजींना सांगितलं, सम्राटचं नाव मागं घेते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.
"एक नाव खोटं निघालं की त्यांचा वकील म्हननार, चारी खोटी. कळतंय का वहिनी? मल्हारदादाला मारनारे गुलाल उधळत गावात येतील. तुमच्या दारावरनं. चालंल?"
"न्हाई चालनार."
"मग गप बसा."
वर म्हणाले, "ह्यो इचार आधी करायचा व्हता." तेव्हा कानाशी कोण बोललं, ते मात्र विसरले.
रात्रभर तोच विचार. ते चौघं सुटले तर मल्हारला दुसऱ्यांदा मी मारलं असं होईल.

२० नोव्हेंबर
तिसरा ऑप्शन घेतला. दोघांच्या दोऱ्या सोडल्या आणि दाराकडे चालले. पाठीत गोळ्या. मेले. परत. मेले. एकदा मालकानं पाय धरून ओढत नेलं आणि तोंडावर बूट ठेवला. अकरा वेळा मेले. बाराव्यांदा दाराबाहेर पडले.
बाहेर काहीच नव्हतं. शाबासकी नाही, अक्षरं नाहीत. नुसता रस्ता.
उद्या सहाची एस.टी. साडी काढून ठेवली.

२१ नोव्हेंबर
चौघांकडे बोट केलं. वकिलांनी विचारलं, "आणि हा पाचवा? हा काय करत होता?" पिंजऱ्यात सम्राट मान खाली घालून उभा होता. भाऊजी मागच्या बाकावर खोकले.
मी म्हणाले - हे चौघं पळून गेल्यावर तो आला, साहेब. अंगातला शर्ट काढून माझ्या माणसाच्या डोक्याला बांधला. दवाखान्यापर्यंत डोकं मांडीवर धरून बसला होता. मल्हारनं शेवटचं पाणी त्याच्या हातनं घेतलं.