ग्रेस हार्बरचा बर्फ आणि निस्कालांचे घर

मी, कर्ट उर्हो निस्काला, वय एकोणपन्नास, ग्रेस हार्बर कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा शेवटचा प्रशिक्षक, हल्ली स्केट्सना धार लावून देण्याचा धंदा, राहणार टाउनशिप रोड, पाइन फोर्क, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. गाठ स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे व तो दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. खाली स्वयंपाकघरात माझा थोरला भाऊ मार्विन मासे तळतो आहे. आठवडाभर मी वर काय लिहीत बसलो आहे, हे त्याने एकदाही विचारलेले नाही.

आत्मा ज्याने दिला त्याच्या हाती देतो. बाकीची व्यवस्था खालीलप्रमाणे करावी.

कलम एक. धार लावण्याचे यंत्र, त्याचे दगड व दुकानातील सर्व हत्यारे डेनिस आर्सेनो याला द्यावीत. डेनिस हा माझ्या शेवटच्या संघाचा गोलरक्षक. त्याला धार लावता येत नाही, पण शिकेल. तो प्रत्येक गोष्टीला 'का' विचारतो. खेळाडू असताना त्याचा मला वैताग येई.

कलम दोन. माझ्या वडिलांची लाकडी हॉकी स्टिक चर्चच्या सभागृहात, कॉफीच्या टेबलावरच्या भिंतीवर लावावी. कॉलेजने मागितली तरी देऊ नये. ग्रेस हार्बर हे चर्चचे छोटे कॉलेज, मुले मिळेनात म्हणून बंद पडायला आले होते. तेव्हा वडिलांनी आणि खाणीतल्या आणखी काही जणांनी पाळी संपल्यावर कॉलेजमागच्या सखल शेतात आगीच्या बंबाने पाणी सोडले. तो पहिला बर्फ. त्यावर खेळायला मिळते म्हणून खाणकामगारांची मुले कॉलेजात आली आणि येता येता शिकलीही. पुढे छप्पर आले, बर्फ धरून ठेवणारा कॉम्प्रेसर आला, विभागाचे अजिंक्यपद आले. मी त्याच बर्फावर बचावाला खेळलो, मग तिथेच प्रशिक्षक झालो. वडिलांना शेवटच्या दुखण्यात बायकोचे नाव आठवत नव्हते, पण अंतिम सामन्यातल्या प्रत्येक गोलाला पास कोणी दिला ते आठवत होते.

कलम तीन. माझ्या फ्रीजरमध्ये लोणच्याची एक मोठी बरणी आहे. तिच्यात लोणचे नाही. ती कॉलेजचे निवृत्त अध्यक्ष डॉ. प्रेस्टन हेडली यांना पोचवावी. आम्ही बाहेरगावी सामना खेळायला गेलो असताना यांनी हॉकी बंद केली. आम्ही तो सामना जिंकलो होतो. बसमध्ये पोरे गात होती. सकाळी परत आलो तर रिंकचे, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानाचे, दार उघडे आणि आत घोटाभर पाणी. बर्फात रंगवलेल्या निळ्या रेषा पाण्यात सुटत चालल्या होत्या. डॉक्टरसाहेब बूट भिजू नयेत म्हणून दारातच उभे होते. म्हणाले, "कर्ट, हे तुमच्या भल्यासाठीच. हळूहळू मरण्यापेक्षा एकदम बरं." बरणीत त्या सकाळचे पाणी आहे. ते त्यांनी पिऊन दाखवावे अशी अट मी घालणार होतो. पास्टर म्हणाले, "कर्ट, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही." म्हणून अट काढली. मात्र त्यांना हळूहळू मरण यावे ही माझी प्रार्थना कोणाच्या सांगण्यावरून काढणार नाही. मला ते जमले आहे, त्यांनाही जमेल.

कलम चार. माझी गाडी मार्विनची पत्नी डोरीन हिला द्यावी. चार महिने तिने माझी अंथरुणे धुतली. पुढील कलमांत जे होईल त्यात तिचा काही दोष नाही. तिला सामान न्यायला गाडी लागेल.

कलम पाच. रिंक पाडला तेव्हा मी भिंतीवरून कॉम्प्रेसरच्या बटणाचा लोखंडी दांडा काढून आणला. तो मार्विन निस्काला याला द्यावा. काहीही घडले तरी हा दांडा त्यालाच मिळावा. तो दांडा खाली ओढून कॉम्प्रेसर बंद करणारा हात त्याचाच होता.

मार्विन कॉलेजात देखभालीच्या कामावर होता. बस निघाली त्या दिवशी त्याने आमच्यासाठी सँडविच बांधून आणली, डेनिसच्या डोक्यावर टपली मारली आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिला. दांडा ओढायचा हुकूम तेव्हा त्याच्या खिशात होता. परत आल्यावर तो झाडूने पाणी दाराकडे लोटत होता.

मी म्हणालो, "मार्व्ह, का?"

"साहेबांनी सांगितलं."

"तू विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं? सांगितलं म्हणजे सांगितलं."

"मला फोन तरी करायचास."

"तुला सांग असं कोणी म्हटलं नव्हतं."

मग त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि हात पुढे केला. आमच्या खेळात सामना संपला की दोन्ही संघ रांगेने उभे राहतात आणि हात मिळवतात. दात पडलेला असो, नाक फुटलेले असो, हात मिळवला की बर्फावरचे बर्फावर राहते. वडिलांनी आम्हाला चालता येऊ लागले तेव्हापासून हेच शिकवले. समोर हात आला आणि माझा हात आपोआप गेला. मार्विनच्या लेखी सामना तिथे संपला. त्यानंतर तो विषय या घरात निघालेला नाही. तो दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतो, आणि आम्ही एकाच पुस्तकातून गातो. मी त्याला वेदीपुढे क्षमा केली आहे आणि ती क्षमा खरी आहे. पण माझे घर वेदीपुढे नाही, टाउनशिप रोडवर आहे.

त्याच्या स्वभावाचीही नोंद करून ठेवतो. आम्ही एका खोलीच्या शाळेत शिकलो. एकदा बाईंनी त्याला 'मी बोलावीपर्यंत बाहेर उभा राहा' असे सांगितले आणि विसरून त्या घरी गेल्या. जानेवारी होता. वडील शोधत गेले तेव्हा तो पायरीवर तसाच उभा होता. त्याच्या डाव्या कानाची पाळी तेव्हाच थंडीने गेली. वडिलांना त्याचा फार अभिमान वाटला. मलाही वाटत असे.

कलम सहा. राहते घर, मागील सौना म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, व तळ्यापर्यंतची जमीन. मार्विन व डोरीन यांनी माझ्या आजारासाठी स्वतःचे घर मोडले व इथे राहायला आले. त्यांना दुसरा निवारा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी असे ठरवतो की या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला यातून घर अगर जमीन मिळणार नाही. मार्विनला मी साक्षीला बोलावणार आहे. कागद उघडा ठेवीन, हेच पान वर ठेवीन. त्याने आधी वाचले, किंवा 'यात काय आहे' एवढेच विचारले, तर मी त्याला सही करू देणार नाही, शेजाऱ्याला बोलावीन आणि घर मार्विनचे. न विचारता सही केली, तर घर चर्चच्या मंडळीच्या ताब्यात जावे. त्यांनी ते पाडून त्या जागी गावातल्या पोरांसाठी दर हिवाळ्यात पाणी सोडावे. मार्विनला हे आधी कोणी सांगू नये.

सह्या झाल्यावर, त्यांच्या वर राखलेल्या जागेत पुढचे लिहीत आहे.

डेनिस आधी आला. त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले. म्हणाला, "कोच, हे तुम्ही करू नका." मी म्हणालो, "सही कर." बऱ्याच वेळाने त्याने केली. मग मी मार्विनला हाक मारली. तो ॲप्रनला हात पुसत वर आला. त्याला माशांचा वास येत होता.

"कुठं करू?"

डेनिस म्हणाला, "मार्व्ह, चष्मा लाव की."

"सही करायला चष्मा कशाला? नाव येतं माझं मला."

"वाचून तरी घे."

"अरे, याच्या अक्षराला बाईसुद्धा कंटाळायच्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लिहिलंयस ना? मग नीटच असेल."

पेन उचलेपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो. पान उघडे होते. त्याचे नाव त्याच्या अंगठ्याखाली होते. त्याने सही केली, टोपण लावले आणि सवयीने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. गरम होता. तो म्हणाला, "जेवायला खाली येतोस, की वर आणू?"

मी म्हणालो, "वर आण."

हा कागद फाडायला मला तो ताट घेऊन जिना चढून येईपर्यंतचा वेळ होता. मी फाडलेला नाही. वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो बरोबर आहे.

लिहून देणार: कर्ट उर्हो निस्काला

साक्षीदार:
डेनिस आर्सेनो
मार्विन उर्हो निस्काला

स्थळ: पाइन फोर्क, मिशिगन
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३, तळ्याच्या काठाला पहिला बर्फ