साहेब बाहेरगावी आहेत

८ जुलै, सकाळ

...दूध गॅसवर ठेवून मी गॅलरीत चादरी झटकत होते. हे अंघोळीला गेलेले. फ्रिजवर ह्यांचा फोन वाजला. मुकुंदराव, आमचे जुने टॅक्सवाले. म्हणाले, वहिनी, ओटीपी आलाय, तेवढा वाचा. मी म्हटलं, साहेब अंघोळीला गेलेत, दहा मिनिटांनी करा. म्हणाले, दहा मिनिटांत तो मरतो, तुम्हीच वाचा. वाचला. तेवढ्यात दूध उतू गेलं. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, म्हणाले, सरकारचं काम झालं ना, मग चहा बिनदुधाचा चालेल.

गेल्या जुलैची गोष्ट.

फेब्रुवारीत हे गेले. मुकुंदराव काम सोडून मुलीकडे लंडनला. आता ह्यांचं शेवटचं रिटर्न भरायला नवा माणूस शोधायचाय. महिनाअखेर मुदत. सगळे कागद पुरे झाले तरच जागेचा मालक आमचं सुलतान बाजारचं लेसचं दुकान माझ्या नावावर भाड्यानं देणार. नाहीतर त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

काम सोपं आहे. मी रडत बसणारी बाई नाही. या आठवड्यात संपवते.

ह्यांचा फोन चार्जिंगला लावला. रिचार्जही केला. ओटीपी त्यावरच येतो.

११ जुलै

दिलसुखनगर. कोचिंग क्लासच्या वर मोठं ऑफिस. श्रुती म्हणून एक मुलगी. मी बसायच्या आत विचारते, आंटी, डिसीज्ड केस का? गेलेला माणूस म्हणजे केस म्हणे! मग सगळं सांगितलं. आधी तुमची वारस म्हणून नोंद, सोबत मृत्यूचा दाखला, मग रिटर्नवर सही तुमची. हुशार असेल. पण एसी फार होता. माझे गुडघे धरले. गारठ्यात हिशेब चुकतात.

रद्द.

१४ जुलै

शेजारच्या कुसुमताईंनी हेमंत सुचवला. आपल्या लातूरकडचा, गरीब स्वभावाचा. काकू, फार वाईट झालं, म्हणाला आणि त्याच श्वासात दाखला मागितला. पाणीसुद्धा विचारलं नाही. दाखला पर्समध्येच होता. म्हटलं, घरी राहिला. घाईची माणसं भरवशाची नसतात. शिवाय टेबलावर मुंग्या.

रद्द.

कुसुमताई म्हणाल्या, बाई, टॅक्सवाला शोधतेयस की जावई? मी म्हटलं, माणूस पारखून घ्यावा.

पुण्याहून सौरभचा फोन. आई, मी इथून ऑनलाइन भरतो, तू फक्त बाबांच्या दाखल्याचा फोटो पाठव. पाठवते म्हटलं. पण नेट स्लो आहे. दुपारी नव्या लेसचे चाळीस फोटो गिऱ्हाइकांना गेले, ते कसे कोण जाणे.

१६ जुलै

कशाला हवा कुणी? लायब्ररीतून इन्कमटॅक्सवरचं मराठी पुस्तक आणलं. शाळा सातवीपर्यंतच, पण त्यापुढचं सगळं मी वाचूनच शिकले. चार प्रकरणं झरझर झाली. पाचवं वारसाचं. तिथे अक्षरं पुसट वाटायला लागली. छपाई खराब.

चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

१९ जुलै, दुपार

सापडला! हिमायतनगरचे नरसिंह राव गारू; तेलुगूत गारू म्हणजे आपलं जी. वयस्कर, शांत. एसी दिलसुखनगरपेक्षा गार, पण तब्येतीला बरा वाटला. मुंग्या होत्या. त्या कुठे नसतात?

यांनी केसबिस काही काढलं नाही. फक्त विचारलं, सर नै आए, अम्मा? मी म्हटलं, साहेब बाहेरगावी आहेत. आपोआप आलं तोंडातून. धंद्यात एवढं चालतं.

ओटीपी आला, पर्समधून ह्यांचा फोन काढून वाचला. हसले. सर फोन तुम्हारे पास छोड़ के गए? बहुत भरोसेवाले आदमी हैं. मी पण हसले. म्हणाले, आगे का सर आए तो करेंगे, उनकी दस्तखत होना. कब आते? परसों, म्हटलं.

काम होत आलं. संध्याकाळी भेंडी केली, ह्यांना आवडायची तशी कुरकुरीत. स्वस्त होती म्हणून.

२१ जुलै, सकाळी साडेआठ

दूध गॅसवर. फ्रिजवर ह्यांचा फोन वाजला. राव गारू. सर आ गए क्या, अम्मा?

म्हटलं, अंघोळीला गेलेत. दस मिनट.

नंतर करतो म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, कोई बात नै, मैं लाइन पे रहता.

आणि राहिले. तिकडे पंखा फिरत होता. कुणाला तरी ओरडले, चाय में शक्कर कायकू डाले रे. फुर्रकन प्यायले. इकडे मी गॅस बंद केला. बाथरूमचं दार सताड उघडं. बादली पालथी, कोरडी.

बऱ्याच वेळानं म्हणाले, अम्मा?

मी फोन ठेवला. दूध उतू गेलं नाही. दुकान उघडलं नाही.

२२ जुलै

दाखला घेऊन हिमायतनगरला गेले. राव गारूंना सांगितलं, साहेब फेब्रुवारीत वारले. त्यांनी उठून एसी बंद केला. वारस म्हणून माझं नाव सांगितलं, जिथे दाखवली तिथे सही केली. मग सुलतान बाजारला जाऊन दुकान उघडलं.