कुंड्या उजवीकडे फिरवण्याबाबत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, तो तेवढा वगळून). लेकीच्या घरी तुझा खोकला थांबला असेल आणि जावईबापू आता तरी स्वतःचा चहा स्वतः करत असतील, अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे, निदान दिवसा. हे सगळं फोनवर सांगितलं नाही, कारण तुझी लेक शेजारी बसून ऐकते.

जाताना तू दोन कामं सांगितलीस. भावोजींच्या माघारी त्यांची खुर्ची रिकामी बघवत नाही, म्हणून ती भंगारवाल्याला द्यायची. आणि खिडकीतल्या कुंड्या ते फिरवायचे तशा रोज सकाळी थोड्या उजवीकडे फिरवायच्या, नाहीतर रोपं उजेडाकडे वाकतात. आता खरं सांगतो, सुरुवातीला मी पाण्यापलीकडे काही केलं नाही (माझा आळस तुला नवा नाही). तरी रोपं ताठच्या ताठ. मी शिंपी माणूस, तिरकं काही असलं तर आधी माझ्या डोळ्यांत खुपतं. म्हटलं, झाडांना शिस्त लागली, बरं झालं.

मग उगाच मनाला टोचणी लागली. मी कुंड्या फिरवायला लागलो, आणि रोपं खिडकीकडे वाकायला लागली. हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी कापडावर आखायचा खडू घेऊन कुंड्यांवर खुणा केल्या, तेव्हा उलगडा झाला. सकाळी मी कुंडी डावीकडे फिरवायचो (डावं-उजवं माझं लहानपणापासून कच्चं, गिऱ्हाइकांच्या बाह्यांना विचार), आणि चहा पिऊन येईपर्यंत ती तितकीच उजवीकडे परत गेलेली असायची. म्हणजे रोपाची तीच बाजू कायम उजेडाला. दाराला आतून कडी, घरात मी एकटा.

मी आधी चिडलो, मग घाबरलो. भावोजींच्या बाबतीत माझा क्रम नेहमी हाच असायचा. माझं चुकलेलं काम अवाक्षर न बोलता नीट करून ठेवणारा माणूस मला जन्मात तेवढा एकच भेटला. शेवटी ठरवलं, उजेडच नसला तर वाकायचाही प्रश्न मिटला आणि फिरवायचाही. खिडकी लावली, जाड पडदा ओढला आणि काही दिवस तिकडे फिरकलो नाही. काल जाऊन पाहिलं. अंधारात वाढतात तशी रोपं लांबट, फिकट झाली होती. ती कुठेही भरकटली असती तरी मी काही म्हटलं नसतं. पण सगळी एकाच दिशेला वाकली होती, आत, भावोजींच्या खुर्चीकडे.

खिडकी उघडली आहे. कुंड्यांना हात लावत नाही. लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना जे योग्य वाटेल ते.

तुझा धाकटा

ता. क. मी घाबरून शेजारी झोपायला जातो असं कोणी कळवलं तर विश्वास ठेवू नकोस. त्यांचा पंखा चांगला आहे.

आणखी एक. खुर्ची दिली असं मी तुला सांगितलं होतं, ती दिलेली नाही. आज भंगारवाला आला होता, त्याला परत पाठवलं. तुला ती रिकामी बघवत नाही म्हणालीस. ताई, ती रिकामी नाही. तू लवकर ये, आणि आल्यावर त्यांना तेवढं सांग, मी मुद्दाम डावीकडे फिरवत नव्हतो.